स्वतःची नसलेली पिल्लंही नर का भरवतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. गाणाऱ्या पक्ष्यांच्या एका जोडीवर तुम्ही विणीचा अख्खा हंगाम नजर ठेवलीत. घरट्यात पाच अंडी होती, एक उबलंच नाही, चार पिल्लं वाढली. नर आणि मादी दोघंही चारा आणत होती आणि नराच्या खेपा मादीच्या बरोबरीने होत्या. पुढे रक्ताच्या नमुन्यांचा डीएनए अहवाल आला, तर चारपैकी दोन पिल्लं त्या नराची नाहीत. चित्रणात मात्र त्याने चौघांना सारखंच भरवलेलं दिसतं. मग अहवाल चुकला, की 'प्राणी आपल्या रक्ताच्या नात्याला झुकतं माप देतात' हे शिकवलेलं तत्त्व चुकलं?

माझ्या मते दोन्ही बरोबर आहेत. राहून गेलेला प्रश्न वेगळाच आहे: त्या नराला नेमकं काय कळू शकतं? अहवाल तुमच्या हातात आहे, त्याच्या नाही. त्याच्यापुढे असतात फक्त काही खुणा. मादी अंडी घालायच्या दिवसांत किती वेळ नजरेआड होती, शेजारचा नर किती वेळा हद्दीत घुसला, हे घरटं आपलंच आहे ना, समोर किती चोची उघड्या आहेत, एवढ्याच. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या विषयात जे काही हाती लागलंय, त्यातलं बरंचसं या एका फरकाभोवती फिरतं. नातं जनुकांत असतं, पण पक्ष्याचं वागणं ठरतं खुणांवरून.

आधी अहवालाची शहानिशा करून घेऊ. प्रयोगशाळेला विचारा की ही दोन पिल्लं डीएनएमधल्या किती ठिकाणी नराशी जुळली नाहीत. मायक्रोसॅटेलाइटच्या (डीएनएत पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या) प्रत्येक ठिकाणी पिल्लाला एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. एकाच ठिकाणी गफलत दिसली, तर ते उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएत आपोआप झालेला बदल, असू शकतं किंवा एखादी प्रत यंत्राने वाचलीच नसेल. दोन किंवा अधिक ठिकाणी जुळत नसेल, तर तो नर बाप नाही असं धरायला हरकत नाही. आणि ती पिल्लं मादीशी तरी जुळतात का, हेही विचाराच. मादीशीही जुळली नाहीत, तर त्याच जातीच्या दुसऱ्या मादीने गुपचूप अंडं घालून पळ काढलेला असतो. युरोपातल्या स्टार्लिंगमध्ये हे चांगलंच माहीत आहे. ती गोष्ट निराळी, तिचं स्पष्टीकरणही निराळं.

तुम्हाला अहवालाने धक्का बसला, तो या शास्त्रालाही एकदा बसून गेलाय. १९६८ साली ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी पक्ष्यांच्या विणीबद्दल त्या वेळी उपलब्ध असलेलं सारं एकत्र केलं आणि नव्वद टक्क्यांहून जास्त पक्षी एकपत्नीक आहेत असं लिहिलं. डोळ्यांना दिसत होतं ते तसंच होतं. पहिली ठेच १९७५ साली लागली. अमेरिकेत रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड या पक्ष्यांची संख्या आटोक्यात आणता येईल का, हे पाहण्यासाठी काही नरांची नसबंदी केली, आणि तरीही त्यांच्या हद्दीतल्या माद्यांची अंडी फळलेली निघाली. १९८५ मध्ये ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांची डीएनए ठशांची पद्धत प्रसिद्ध झाली, १९८७ मध्ये ती घरचिमण्यांवर वापरली गेली, आणि मग एकामागून एक जातींची घरटी तपासली जाऊ लागली. २००२ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार वरवर एकपत्नीक दिसणाऱ्या पक्ष्यांत सरासरी ११ टक्क्यांहून जास्त पिल्लं जोडीबाहेरच्या नराची असतात. टोकाची उदाहरणंही आहेत. ऑस्ट्रेलियातल्या, गटाने राहणाऱ्या सुपर्ब फेअरी-रेन या पक्ष्यामध्ये १९९४ च्या अभ्यासात ७६ टक्के पिल्लं गटाबाहेरच्या नरांची निघाली. तेव्हा तुमची चारातली दोन काही विपरीत नाहीत.

एक विनंती. याला 'फसवणूक' किंवा 'बेईमानी' म्हणू नका, निदान टिपणवहीत तरी नको. त्या शब्दांनी निष्कर्ष आधीच ठरून जातो: नर 'फसला' म्हणून भरवतो. 'जोडीबाहेरचं पितृत्व' हा शब्द रुक्ष आहे, पण त्यात जेवढं माहीत आहे तेवढंच येतं.

आता तुमच्या चित्रणाकडे वळू. तो तुकडा पुन्हा लावा आणि गती कमी करून पाहा. नर काठावर उतरतो, चोचीत हिरवी अळी. घरटं हलल्याबरोबर चारही माना ताठ होतात, चोची वासतात, आतला पिवळा-केशरी रंग दिसतो. नर सर्वांत उंच आणि जवळच्या चोचीत अळी खुपसतो आणि क्षणभर थांबतो. पिल्लाने गिळली तर ठीक. घशात अडकून राहिली, तर तो ती परत ओढून काढतो आणि शेजारच्या चोचीत घालतो. पोट भरलेल्या पिल्लाचा घास लवकर खाली उतरत नाही, आणि बापासाठी भुकेची परीक्षा तीच. मग एखादं पिल्लू वळून शेपटीकडचा भाग वर करतं, पांढरी विष्ठेची पिशवी बाहेर येते, नर ती उचलून निघून जातो. सगळं मिळून दहा सेकंदही लागत नाहीत. अशा शेकडो खेपा मी पाहिल्या आहेत. नर घास देण्याआधी पिल्लाची 'तपासणी' करतोय असं मला एकदाही जाणवलं नाही. भूक, उंची, जवळीक, आवाज, यांवर घास ठरतो.

मग त्याला पिल्लू ओळखताच येत नाही का? पक्ष्यांना ओळखणं जमत नाही असं मुळीच नाही. वाळूच्या कड्यात बिळं करून वसाहतीने राहणाऱ्या बँक स्वॉलोचं उदाहरण घ्या. पिल्लं उडण्याच्या सुमाराला एकमेकांच्या बिळांत शिरू लागतात आणि गोंधळ माजतो. नेमक्या त्याच वयात, साधारण दोन आठवड्यांनंतर, आई-बाप आपल्या पिल्लांना आवाजावरून ओळखू लागतात. त्याच्या जवळचा नातलग रफ-विंग्ड स्वॉलो एकेकट्या जोडीने घरटं करतो. त्याच्या घरट्यात परकी पिल्लं टाकली तर तो निमूट भरवतो. ओळखण्याची गरज जिथे पडली तिथे ती क्षमता घडली.

पण हे ओळखणं 'माझ्या घरट्यातलं' आणि 'दुसऱ्याच्या घरट्यातलं' एवढंच आहे, हे लक्षात घ्या. घरट्यात आधी जे ऐकलं ते आपलं. एकाच घरट्यातल्या चार पिल्लांपैकी दोन माझी आणि दोन शेजाऱ्याची, हे वेगळं करणं फार अवघड काम आहे. तिथे नमुना म्हणून काय वापरायचं? पहिल्याच विणीत निम्मी पिल्लं दुसऱ्याची असतील आणि नराने तोच 'आपल्या पिल्लांचा' नमुना मनाशी धरला, तर पुढे आयुष्यभर तो चुकत राहील. कोकिळेच्या पिल्लाबाबत हा मुद्दा मांडला गेलाय: यजमान पक्षी (ज्याच्या घरट्यात परकं अंडं घातलं जातं तो) पहिल्या विणीत समोर दिसेल त्याला आपलं मानायला शिकला आणि त्या वेळी घरट्यात एकटं कोकिळेचंच पिल्लू उरलं असलं, तर स्वतःचं पिल्लू पुढे त्याला परकं वाटेल. अंड्यांचं तसं नसतं. आपली अंडी कोकिळेच्या अंड्याच्या शेजारीच असतात, म्हणून कितीतरी जाती परकं अंडं बाहेर फेकतात आणि तेच पिल्लू मात्र मुकाट वाढवतात. शिवाय घरट्यातल्या परक्या पिल्लाच्या दृष्टीने आपलं पितृत्व झाकलेलं राहण्यातच फायदा आहे. बापाचा ठसा ठळकपणे मिरवणारं पिल्लू चुकीच्या घरट्यात जन्मलं तर त्याची धडगत नाही.

चुकीची किंमतही एकसारखी नाही. परक्या पिल्लाला घास दिला तर एक घास गेला. आपलं पिल्लू परकं समजून उपाशी ठेवलं तर पिल्लूच गेलं. ओळखण्याची खूण कच्ची असेल, तर सगळ्यांना भरवणं हाच शहाणपणाचा सौदा ठरतो.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. पुढचा प्रश्न असा येतो: 'ठीक आहे, पिल्लू ओळखता येत नाही, पण पितृत्व कमी असल्याची शंका आल्यावर त्याने सगळ्याच घरट्याचा चारा का कमी करू नये?' इथे थोडा हिशोब करावा लागतो, आणि हा हिशोब मी विद्यार्थ्यांकडून वहीत करूनच घेतो, कारण तोंडी ऐकून तो पटत नाही.

नातं म्हणजे इथे वंशपरंपरेने सारख्या असलेल्या जनुकांचा वाटा. स्वतःच्या पिल्लाशी नराचं नातं ०.५, जोडीबाहेरच्या पिल्लाशी जवळपास शून्य. तुमच्या घरट्यात निम्मी पिल्लं त्याची, म्हणजे सरासरी नातं ०.२५ वर आलं. मूल्य निम्मं झालं, तेव्हा कष्टही निम्मे व्हावेत असं वाटतं. पण वाचवलेले कष्ट तो कुठे वापरणार? समजा पुढच्या विणीसाठी. पुढच्या विणीतही निम्मीच पिल्लं त्याची असतील, तर तिथलं मूल्यही निम्मं. आजचा घास अर्ध्या किमतीचा, उद्याचाही अर्ध्याच किमतीचा. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून तोच अर्धा काढला की पारडी होती तिथेच राहतात. पितृत्व कायमच कमी असेल, तर त्यावरून चारा कमी करण्याचं कारण उरत नाही. कष्ट आखडते घेण्याला अर्थ येतो तो दोन परिस्थितींत. एक, या वेळचं पितृत्व त्याच्या नेहमीच्या पितृत्वापेक्षा कमी आहे आणि ते कळण्याची काही खूण त्याच्याकडे आहे. दोन, वाचलेला वेळ दुसरीकडे, उदाहरणार्थ शेजारच्या माद्यांकडे, लगेच फळ देणारा आहे.

त्यात आणखी एक मेख आहे. चारा कमी केला की झळ कोणाला बसते? उशिरा निघालेल्या, सर्वांत लहान पिल्लाला. ब्लू टिट या छोट्या पक्ष्यामध्ये २००९ साली असं दिसलं की जोडीबाहेरची पिल्लं बहुधा आधीच्या अंड्यांतून येतात, म्हणून ती लवकर निघतात आणि थोरली ठरतात. अशा घरट्यात बापाने हात आखडता घेतला, तर भुकेने मरणारं पिल्लू त्याचं स्वतःचं असण्याचीच शक्यता जास्त. तुमच्या नोंदीत पिल्लं कोणत्या क्रमाने निघाली ते असेल, तर अहवालाशी ताडून पाहा. मला स्वतःला ते जाणून घ्यायला फार आवडेल.

प्रत्यक्षात पक्षी काय करतात? डनॉकचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात निक डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा तपकिरी, साधासुधा पक्षी वर्षानुवर्षं पाहिला. इथे बऱ्याचदा एका मादीबरोबर दोन नर असतात. मिलनाच्या दिवसांत ज्या नराला मादीची सोबत मिळाली नाही, तो पिल्लांकडे फिरकत नाही. ज्याला सोबत मिळाली, तो साधारण त्या प्रमाणात चारा आणतो. पण आणलेला घास तो आपल्या पिल्लाला निवडून देत नाही. डीएनए तपासल्यावर हे स्पष्ट झालं. मादीजवळ मिळालेला वेळ ही त्याची खूण, आणि ती पितृत्वाशी बऱ्यापैकी जुळते, पण तंतोतंत नाही. तुमच्या नराचं कोडं इथे बरंचसं सुटतं: मिलनाच्या दिवसांत तो मादीच्या मागे-मागे होता, त्याच्या हिशोबाने सारं ठीक होतं.

सगळीकडे एवढं नीट चित्र नाही. रीड बंटिंग या पक्ष्यावर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५५ टक्के पिल्लं जोडीबाहेरची होती, आणि त्याच नराच्या दोन विणी ताडून पाहिल्या तेव्हा जिथे पितृत्व कमी तिथे त्याच्या खेपाही कमी दिसल्या. अकरा वर्षांनी याच जातीच्या दुसऱ्या समूहावरच्या अभ्यासात असं काही आढळलं नाही. दोन्ही कामं काळजीपूर्वक केलेली होती. एका जातीचं एक उत्तर असतं ही अपेक्षाच सोडून दिलेली बरी. पितृत्व कळण्याची खूण किती पक्की आणि कष्ट वाचवून मिळणार काय, हे जागेनुसार बदलतं.

या सगळ्यातला सर्वांत मोठा खड्डा पद्धतीचा आहे, आणि तुम्ही त्यात पाय टाकण्याआधी सांगतो. शंभर घरटी मोजली, कमी पितृत्वाच्या घरट्यांत नर कमी भरवताना दिसले, म्हणून 'नर पितृत्वानुसार चारा कमी करतात' असं लिहिता येत नाही. कदाचित अशक्त नर मादीला राखूही शकत नाहीत आणि चाराही कमी आणतात. तिथे कोणीच काही 'कमी' केलेलं नसतं. त्यासाठी तोच नर वेगवेगळ्या माद्यांबरोबर, वेगवेगळ्या विणींत पाहावा लागतो. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या लंडी बेटावरच्या घरचिमण्यांवर असं काम २०१६ मध्ये आलं. जोडीबाहेर जास्त जाणाऱ्या मादीबरोबर असताना तोच चिमणा चारा कमी आणतो, असं दिसलं. उबवण्यातला त्याचा वाटा मात्र बदलला नाही. इथेही त्याच्या हाती असलेली खूण मादीच्या वागण्याची आहे, पिल्लाच्या चेहऱ्याची नाही.

मदतनीस पक्ष्यांकडे, म्हणजे दुसऱ्याची पिल्लं भरवायला हातभार लावणाऱ्यांकडे, पाहिलं की हेच आणखी ठळक होतं. लाँग-टेल्ड टिट हा सात-आठ ग्रॅमचा जीव. शेवाळ आणि कोळिष्टकं विणून, आत हजारावर पिसं अंथरून घरटं करतो, आणि बहुतेक घरटी शिकाऱ्यांच्या तोंडी जातात. घरटं उद्ध्वस्त झालं आणि हंगाम सरत आला असला, तर नर बरेचदा भावाच्या घरट्यावर जाऊन त्याची पिल्लं भरवू लागतो. पुतण्याशी नातं ०.२५, आपलं स्वतःचं काही उरलेलं नाही, तेव्हा उत्क्रांतीशास्त्रज्ञ हॅमिल्टनच्या १९६४ च्या सूत्रात हे चपखल बसतं: मदतीचा लाभ गुणिले नातं, हे मदतीच्या खर्चापेक्षा मोठं. पण भाऊ ओळखायचा कसा? घरट्यात असताना शिकलेल्या हाकेवरून. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात पिल्लांची अदलाबदल करून पाहिली, तेव्हा एकत्र वाढलेल्या परक्या पिल्लांच्या हाकाही सख्ख्या भावंडांसारख्याच जुळल्या. जनुकं काहीही असोत, ज्याच्याबरोबर वाढलो तो भाऊ. निसर्गात एका घरट्यात वाढणारी पिल्लं बहुतेक वेळा भावंडंच असतात, म्हणून हा नियम टिकला.

फेअरी-रेनची मादी तर अंड्यातल्या पिल्लाला ऐकू येईल अशी साद घालते, आणि पिल्लं जन्मल्यावर चारा मागताना तोच सूर वापरतात. अंड्यांची अदलाबदल केली तर पिल्लू उबवणाऱ्या आईचा सूर घेऊन निघतं, जन्मदात्रीचा नाही. हा परवलीचा शब्द कोकिळेच्या पिल्लाविरुद्ध उपयोगी पडतो. जोडीबाहेरच्या पिल्लालाही तो अर्थातच येतो, कारण तेही त्याच आईखाली उबलेलं असतं.

नात्यातला हा फरक पिल्लांच्या वागण्यातही उमटतो. बाप एक असेल तर भावंडांमधलं नातं ०.५, बाप वेगळे असतील तर ०.२५. सावत्र भावंडाच्या तोंडचा घास हिरावण्याची किंमत कमी, म्हणून ज्या जातींत जोडीबाहेरचं पितृत्व जास्त, त्या जातींची पिल्लं चारा मागताना जास्त मोठ्याने ओरडतात, असं १९९४ च्या एका तुलनेत दिसलं. तुमच्या कॅमेऱ्यात आवाज नोंदला गेला असेल तर तो पुसू नका.

पुढच्या हंगामासाठी थोडं. परवानगी हातात असल्याशिवाय पिल्लाला हात लावू नका, आणि पहिली काही पिल्लं अनुभवी माणसाबरोबरच हाताळा. एका वेळी घेतलेलं रक्त वजनाच्या १ टक्क्याच्या वर जाता कामा नये. १२ ग्रॅमच्या पिल्लासाठी ते १२० मायक्रोलिटर होतं, आणि आपलं काम त्याच्या चौथ्या हिश्श्यात भागतं. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, म्हणून एका थेंबातून भरपूर डीएनए मिळतो. पंखाखालच्या शिरेवर सुई टेकवायची, थेंब नळीत घ्यायचा, कापूस दाबून मनात साठपर्यंत मोजायचं. पिल्लू तळहातात गरम लागतं, पोटाची कातडी इतकी पातळ की आतलं दिसतं. रक्त थांबल्याची खात्री होईपर्यंत त्याला घरट्यात ठेवायचं नाही, मग कितीही घाई असो.

निरीक्षणाचे तास चारा भरवण्याच्या दिवसांत घालण्यापेक्षा निम्मे तरी अंडी घालण्याच्या आधीच्या आठवड्यात घाला. सगळेजण पिल्लं निघाल्यावर कॅमेरा लावतात, आणि नर ज्या खुणांवर निर्णय घेतो त्या तोवर होऊन गेलेल्या असतात. पहाटेपासून मादीच्या किती जवळ तो आहे, ती एकटी किती वेळा आणि कोणत्या दिशेला जाते, हद्दीत कोण शिरतं, हे मिनिटामिनिटाने लिहा. आजूबाजूच्या नरांचेही नमुने मिळाले, तर त्या दोन पिल्लांचा बाप कोण हेही कळेल.

आणि ते पाचवं, न उबलेलं अंडं. ते अजून फ्रीझरमध्ये असेल तर फेकू नका. बरीच 'वांझ' अंडी फळलेली असतात, गर्भ लवकर मेलेला असतो, आणि त्याच्या ऊतीतून डीएनए निघतो. वाढलेल्या चारांतली दोन हा तुमचा आकडा पाचांतली दोन आहे की तीन, हे त्या अंड्यावर ठरणार आहे. ते प्रयोगशाळेला पाठवा, आणि पाठवण्याआधी घरट्यात ते कितवं घातलं गेलं होतं याची नोंद त्यावर पेन्सिलीने लिहा.